गावाची पुढची वीस वर्षे
(गगनबावडा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी जमतो, त्या गुरुजींनी या डोंगरातल्या कितीतरी मुलांच्या हातात पाटी दिली. शिक्षकाच्या कामाचे फळ 15-20 वर्षांनी दिसते आणि बहुधा ते त्याच्या पदरात पडत नाही. तरीही तो शिकवत राहतो. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून गावाच्या लांब पल्ल्याच्या नियोजनाविषयी बोलावे, हे मला म्हणूनच उचित वाटले. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्या ग्रामपंचायती दरवर्षी आराखडा करतात, पण गावाचे नियोजन करत नाहीत. गगनबावड्यासारख्या तालुक्यात आणखी 20 वर्षे असेच चालले, तर पाणी, डोंगर, रस्ता आणि जमीन यांतल्या कशावरही गावाचा शब्द चालणार नाही.

पुढच्या पिढीचा हिशेब धरून कारभार करावा, हा विचार बाहेरून आलेला नाही. तो याच मातीतला आहे. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेले, राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर ‘हुकुमतपनाह’ म्हणून मागे स्वराज्य सांभाळणारे हे पंत. त्यांच्या नावे ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ 1715 च्या सुमाराचे. औरंगजेबाच्या दीर्घ स्वारीतून होरपळून निघालेल्या राज्याचा तो अनुभव आहे. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या आजच्या विषयाला थेट लागू पडतात.

पहिली गोष्ट पाण्याची. गड बांधण्याआधी पाणी पाहा, असे पंत सांगतात. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करा. झरा आहे आणि आज पाणी पुरते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. झरे आटतात, म्हणून साठवणीची जादा टाकी हवीतच. दुसरी गोष्ट झाडांची. आरमाराला लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. राज्य उद्या राहील की नाही, अशा दिवसांतून गेलेला हा मुत्सद्दी झाडाच्या वयाचा आणि आटणाऱ्या झऱ्याचा विचार करत होता. आज आपल्यावर कोणाची स्वारी नाही. मग आपल्या कारभाराची नजर पुढच्या मार्चअखेरीपलीकडे का जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला एका ग्रामसभेत मिळाले. शाळेच्या खोलीत सभा भरली होती. ग्रामसेवक पुढच्या वर्षाच्या आराखड्यातली कामे वाचत होते. देवळापासून वरच्या गल्लीपर्यंत काँक्रीट रस्ता, बंदिस्त गटार, समाजमंदिरासमोर पेव्हिंग ब्लॉक, 2 हायमास्ट दिवे, स्मशानशेडची दुरुस्ती, व्यायामशाळेचे साहित्य. एकेका कामावर माना डोलत होत्या. मागच्या बाजूने एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वाडीचा झरा मार्चातच आटायला लागलाय, त्याचं काय करताय?” ग्रामसेवकांनी हातातला कागद खाली ठेवला आणि अगदी नम्रपणे सांगितले, “आजी, ते कुठल्या हेडात बसत नाही बघा.” आजी बसल्या. सभा पुढच्या कामाकडे वळली.

त्या ग्रामसेवकांना मी दोष देत नाही. ते खरे तेच सांगत होते. गावात काय हवे, हे आपल्याकडे निधीच्या लेखाशीर्षावरून, म्हणजेच ‘हेड’वरून ठरते. ‘2515’ या लेखाशीर्षातून रस्ता होतो, जनसुविधा योजनेतून स्मशानशेड होते, आमदार फंडातून सभामंडप होतो. वित्त आयोगाचा पैसा आला की इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि बिल अशी धावपळ सुरू होते. यातले एकेक काम वाईट नाही. गटार हवेच, दिवा हवाच. पण ही सगळी कामे एकमेकांना कधी भेटत नाहीत. वरच्या गल्लीतला काँक्रीट रस्ता पावसाचे पाणी खालच्या घरांकडे ढकलतो, मग पुढच्या वर्षी खालच्या घरांसाठी संरक्षक भिंत मागावी लागते. भिंतीसाठी डोंगराचा पाय कापला जातो. ही साखळी कोणत्याही एका इस्टिमेटमध्ये दिसत नाही. ती पाहायला संपूर्ण गाव एका नकाशावर ठेवावे लागते, आणि ते काम आपल्या व्यवस्थेत कोणावरच सोपवलेले नाही.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली. अनुच्छेद 243-जी ने पंचायतींना आर्थिक विकासाच्या आणि सामाजिक न्यायाच्या योजना तयार करण्याचे काम दिले आणि 11 व्या अनुसूचीत 29 विषय मांडून ठेवले. 74 व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली. गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र जुळवायचे, हे तिचे काम. महाराष्ट्राने 14 व्या वित्त आयोगाच्या काळात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू केला, तो चांगल्या हेतूने. 15 व्या वित्त आयोगाने तर राज्यात पंचायतींच्या वाट्यातले 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला दिले, त्यातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला. म्हणजे अधिकार आहे, थोडाफार पैसाही आहे.

मग उणीव कुठे आहे? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यानुसार नगरपालिकेला आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावा लागतो आणि तो किमान 20 वर्षांतून एकदा नव्याने तपासावा लागतो. कुठे घरे, कुठे शाळा, कुठे मोकळी जागा, रस्ता किती रुंद, हे कागदावर येते, हरकती-सूचना होतात आणि पुढे त्याला कायद्याचे बळ मिळते. हे आराखडे पुष्कळदा मोडले जातात, हे मला ठाऊक आहे. पण मोडायला तरी आराखडा असतो. ग्रामपंचायतीच्या वाट्याला असा नकाशा येत नाही. तिच्या वाट्याला येते कामांची यादी. शहराला 20 वर्षांपुढचे पाहण्याचा हक्क आणि खेड्याने मात्र 12 महिन्यांत आटपायचे, हा भेद मला मान्य नाही.

आता आपल्या तालुक्याकडे या. जिल्ह्यातल्या 12 तालुक्यांत लोकसंख्येने सगळ्यात लहान. 2011 च्या जनगणनेत 36 हजारांच्याही आतच. मतांच्या हिशेबात लहान, म्हणून मागण्यांच्या रांगेत शेवटी. पण निसर्गाच्या हिशेबात या तालुक्याचे वजन जिल्ह्यात मोठे आहे. पूर्वेला शिरोळमध्ये वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे 5,000 च्या वर. कुंभी इथून निघते. कासारी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती यांच्या संगतीने ती प्रयाग चिखलीच्या संगमावर पंचगंगा होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले. आपल्या डोंगरउतारावर पाणी मुरते की धावते, याचा संबंध थेट शिरोळच्या शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी आहे.

एवढ्या पावसाच्या तालुक्यात उन्हाळ्यात बायका डोक्यावर घागर घेऊन झऱ्यापाशी बसतात, हे बाहेरच्याला खरे वाटत नाही. कारण साधे आहे. माथ्यावर जांभा, त्यावर मातीचा पातळ थर आणि खाली तीव्र उतार. पडले ते वाहून जाते. जांभ्याच्या भेगांतून जेवढे मुरते, तेवढेच पुढे झऱ्यावाटे हळूहळू बाहेर येते. झऱ्याच्या वरचे रान तुटले, जांभ्याचा सडा (पठार) खणला गेला किंवा वरून रस्ता काढताना भेग बुजली, की झरा आटतो. तो दोन-चार वर्षांनी आटतो, त्यामुळे कोणाच्या कामामुळे आटला हे कुणाला सांगता येत नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ आले, टाक्या उभ्या राहिल्या. पण टाकीत पाणी ज्या झऱ्यातून यायचे, त्याच्या वरचे रान राखायची जबाबदारी कोणाची? ती पाणीपुरवठ्यात येत नाही, वनखात्याच्या कामात बसत नाही, ग्रामपंचायतीच्या आराखड्यातही तिला जागा नाही. आजींच्या प्रश्नाला हेड नव्हते ते यामुळे.

दुसरा प्रश्न डोंगराचा. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गेले, 151 माणसे गेली. 22 जुलै 2021 ला महाडजवळचे तळिये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. त्या शेवटच्या दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले की, दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते. सह्याद्रीच्या कुशीतल्या कोणत्याही सरपंचाची झोप उडावी, अशी ही गोष्ट आहे. वरून आलेली यादी पुरी पडत नाही. कोणत्या उतारावर पावसाळ्यात भेग पडते, कुठली विहीर अचानक गढूळ होते, कोणता ओढा वाट बदलतो, हे वाडीतल्या माणसाला माहीत असते. ते ज्ञान कागदावर येत नाही आणि कागदावर नसलेल्या ज्ञानावर कोणी घराची परवानगी नाकारत नाही. दरड कोसळल्यावर पुनर्वसनाला पैसा मिळतो. घर चुकीच्या जागी बांधले जाऊ नये यासाठी लागतो तो ग्रामसभेचा एक ठराव आणि तो पाळण्याची शिस्त.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर आले की कोल्हापूरची वाट बंद. पेशंट अडकतो, दूध अडकते, कॉलेजची मुले अडकतात. दर पावसाळ्यात हे घडते आणि दर पावसाळ्यात नव्याने बातमी होते. पलीकडे कोकणात उतरणारा करूळ घाट 2024 च्या जानेवारीत रुंदीकरण-काँक्रिटीकरणासाठी बंद झाला आणि वाहने भुईबावडा व फोंडा घाटांकडे वळली. घाट पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. या काळात इथल्या हॉटेलवाल्याचे, गॅरेजवाल्याचे, कोकणात भाजी नेणाऱ्याचे काय होणार, याचा विचार तालुक्याने आधी बसून केला होता का? कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची मागणी आणि मंजुरी ही तर आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. ती रेल्वे एक दिवस येईल. तेव्हा स्थानकाशेजारची जमीन कोणाच्या नावावर असेल, तिथे गाळे कोणाचे असतील, डोंगर किती पोखरला जाईल, हे रेल्वे आल्यावर ठरवायचे म्हटले तर ते दुसरेच कोणी ठरवून ठेवलेले असेल.

याच्याशीच जोडलेला चौथा प्रश्न जमिनीचा आणि माणसांचा. गगनगड, पळसंबेची पाषाणमंदिरे, धबधबे, धुके यांच्या ओढीने पर्यटक येतात. यावेत. पण मुंबईला गेलेला मुलगा वडिलोपार्जित डोंगरपट्टी विकून टाकतो आणि तिथे कुंपण पडते, तेव्हा गुरांची जुनी वाट आणि झऱ्याकडची पायवाट दोन्ही बंद होतात. खरेदीखतात पायवाट लिहिलेली नसते. गावाच्या नकाशावर ती असती, तर गावाला बोलता आले असते.

पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा वाद आपण सर्वांनी पाहिला. माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघत राहिल्या. सहावी 31 जुलै 2024 ची. खाणी आणि प्रदूषणकारी उद्योग यांना बंदी घालणारी ही तरतूद कोणत्या गावांना लागू, यावर वाद चालूच राहिला. गाडगीळांचे मुख्य म्हणणे होते की कुठे काय राखायचे याची चर्चा ग्रामसभांपासून सुरू व्हावी. त्या म्हणण्याला आपल्याकडे फारसा आधार मिळाला नाही, कारण ग्रामसभांकडे मांडायला स्वतःचा आराखडाच नव्हता. गावाचा स्वतःचा नकाशा नसेल, तर दिल्लीतून आलेल्या नकाशाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की, 20 वर्षांनी काय होईल हे कोणाला माहीत? खरे आहे, कोणालाच नाही. नियोजन म्हणजे भविष्य सांगणे नव्हेच. पाऊस कमी झाला, रेल्वे आली, मुले परतली किंवा परतली नाहीत, तरी कोणत्या गोष्टी आपण हातच्या जाऊ देणार नाही, हे ठरवणे म्हणजे नियोजन. झऱ्याचे रान राखायचे, हा निर्णय भविष्याच्या कोणत्याही अंदाजावर अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप: दर 5 वर्षांनी सरपंच बदलतो, आरक्षण फिरते, मग आराखडा पाळणार कोण? माझ्या मते आराखड्याची गरज सिद्ध करणारा मुद्दा हाच आहे. 2022 च्या मार्चमध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे आणि पंचायत समित्यांत प्रशासक बसले. लोकांनी निवडलेला माणूसच नव्हता, तेव्हा गावाचे म्हणणे लिहून ठेवलेले कुठे होते? माणसे बदलणारच. म्हणून ठराव माणसांपेक्षा लांब टिकणारे हवेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले ते 1908 च्या सुमारास. पैसा पुरला नाही, काम रखडले. 1922 मध्ये महाराज गेले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. आज कोल्हापूरच्या शेतीला आणि शहराला त्या पाण्याचा आधार आहे. पैसा नंतर येऊ शकतो. पण जागा निवडलेली असावी लागते, दिशा ठरलेली असावी लागते आणि अर्धवट राहिलेले काम मोडीत काढू नये अशी आठवण शाबूत असावी लागते.

पैशापेक्षा शिस्तीची साक्ष हवी असेल, तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली आणि शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा निर्णय केला. दर वर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात. तिथे पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या घरात. आपल्या एका चांगल्या आठवड्याचा पाऊस! त्यांनी वर्षभराचे पाणी राखले आणि आपण मे महिन्यात टँकरची वाट पाहतो. हा फरक ढगांनी केलेला नाही.

राज्याच्या पातळीवर काय होऊ शकते, हे केरळने दाखवले. 1996 मध्ये तिथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजनेतला साधारण एक तृतीयांशाहून अधिक निधी स्थानिक संस्थांकडे सोपवला गेला. प्रत्येक पंचायतीने आधी आपल्या भागाचा विकास अहवाल तयार केला: नैसर्गिक साधने, इतिहास, लोकसंख्या, उणिवा. निवृत्त इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर स्वयंसेवक म्हणून उतरले. कामांची यादी त्या अभ्यासातून निघाली. त्या मोहिमेत त्रुटीही राहिल्या, पण आधी गाव समजून घ्या आणि मग खर्च करा, हा क्रम तिथल्या कारभारात रुजला.

आता गगनबावड्याने काय करावे, ते सांगतो.

प्रत्येक गावाने आपला एक नकाशा करावा. झरे, ओढे, गुरांच्या वाटा, देवराया, भेगा पडणारे उतार, पुराचे पाणी जिथवर येते ती रेषा आणि मोकळ्या सरकारी जागा त्यावर असाव्यात. हे काम पाचवी ते बारावीची मुले आणि गावातली जुनी माणसे मिळून एका उन्हाळ्यात करू शकतात. तलाठ्याकडचे गावनकाशे आधाराला आहेत, मोबाईलवर उपग्रहाची चित्रे आहेत.

त्या नकाशावर 3 रेषा ग्रामसभेने ठरावाने आखाव्यात: इथे घर बांधायचे नाही, इथले रान तोडायचे नाही, ही वाट कोणी अडवायची नाही. बाकी सगळ्यावर वाद घाला, पण या 3 रेषांवर एकमत करा.

गावांचे नकाशे पंचायत समितीने तालुक्याच्या एका नकाशावर जुळवावेत, कारण झऱ्याला आणि ओढ्याला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. मांडुकलीचा रस्ता, घाटांची पर्यायी वाहतूक, शाळा आणि आरोग्य केंद्रे, कारखाना असलेल्या वेसरफ-पळसंबे भागातले पाणी आणि सांडपाणी, हे तालुक्याचे विषय आहेत. एका गावाने ते सुटणार नाहीत.

दर 5 वर्षांनी, नवी ग्रामपंचायत आली की तिच्या पहिल्या ग्रामसभेत हा आराखडा मोठ्याने वाचला जावा. बदल करायचा तर कारणासह लिहावा. आणि दर वर्षीची कामे ठरवताना प्रत्येक कामापुढे एक रकाना असावा: हे काम आराखड्यातल्या कोणत्या गोष्टीसाठी? ज्या कामापुढे तो रकाना रिकामा राहील, ते काम थांबावे.

शासनाकडे माझी मागणी एकच आहे. ग्रामपंचायत अधिनियमात 20 वर्षांच्या ग्रामआराखड्याची तरतूद करा, त्याला बांधकाम परवानगीशी जोडा आणि डोंगरी तालुक्यांतल्या पंचायत समित्यांना एक भूगर्भतज्ज्ञ आणि एक नियोजनकार द्या. झऱ्याच्या रानाला एक हेड द्या. आजींना पुन्हा खाली बसावे लागू नये.

मात्र शासनाची वाट पाहत थांबू नका. नकाशा काढायला परवानगी लागत नाही आणि ठराव करायचा अधिकार ग्रामसभेकडे आजही आहे. या सभागृहात बसलेल्या सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे. येणाऱ्या ग्रामसभेत कामांची यादी वाचण्याआधी एक विषय घ्या: 20 वर्षांनी आपल्या गावात पाणी कुठून येणार? त्यावर तासभर चर्चा होऊ द्या आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा. तरुण सदस्यांनो, त्या पानाची एक प्रत शाळेत लावा, म्हणजे 20 वर्षांनी जे गाव चालवतील त्यांना कळेल की आधीच्यांनी त्यांचा विचार केला होता.